रक्ताच्या तपासणीत छातीची गाठ सापडते का?



आपल्या जिल्ह्यात हळदीचा हंगाम लागला की दोन-तीन महिने शिवारावर धूर असतो. हळद उकडायची, वाळवायची, मग ड्रमात घालून पॉलिश करायची. उकडताना धूर, पॉलिश करताना धूळ. वसमतला जा, कळमनुरीला जा की औंढ्याला, या दिवसांत बाया पदर तोंडाला लावून खोकत असतात. घरी आल्यावर पुन्हा चूल आहेच. गॅस आला तरी अंघोळीचं पाणी आणि भाकरी अजून पुष्कळ घरांत चुलीवरच होते. त्यामुळं खोकला आला की आपण म्हणतो, धुराचा असंल. बहुतेक वेळा तो असतोही धुराचाच. पण महिना गेला, दोन महिने गेले, खोकला हटेना, अंगावरचं झंपर सैल व्हायला लागलं, की घरातलं कुणीतरी म्हणतं, "एकदा रक्त तपासून घे, रक्तात सगळं कळतंय."

रक्तात सगळं कळतं का, एवढंच आज बोलायचं आहे. कारण हल्ली मोबाईलवर आणि गावातल्या शिबिरांतही ऐकू येतं, की सुई नको, फोटो नको, नुसत्या रक्तावर कॅन्सर ओळखणारी तपासणी निघाली आहे. ही निव्वळ थाप नाही. त्यात खरं आहे, पण जे खरं आहे ते वेगळं आहे आणि आपल्याला सांगितलं जातं ते वेगळं.

आधी आपल्या ओळखीची रक्ताची तपासणी घेऊ. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त दिलं की हिमोग्लोबिन किती, पांढऱ्या पेशी किती, साखर किती हे कळतं. पांढऱ्या पेशी वाढल्या तर शरीरात कुठंतरी जंतूंशी झुंज चालू आहे असा अंदाज येतो. पण छातीत गाठ आहे का, हे या कागदावर लिहिलेलं नसतं. फुप्फुसाचा कॅन्सर असलेल्या बाईचा हा रिपोर्ट अगदी चांगलाही येऊ शकतो. "रक्त नॉर्मल आहे, काही नाही" असं म्हणून घरी बसलेल्या बायांचे महिने असेच वाया जातात.

आता नवी तपासणी. ती कळायला पेशी म्हणजे काय ते लक्षात घ्यावं लागेल. घर जसं विटांचं, तसं शरीर पेशींचं. जुन्या पेशी मरतात, नव्या होतात, आणि हे सगळं मोजूनमापून चालतं. कॅन्सरमध्ये काही पेशी हे माप सोडतात. रूप बदलतात, नको तिथं आणि नको तितक्या वाढतात, आणि त्यांची गाठ होते. गाठीलाही जगायला रक्त लागतं, म्हणून तिच्यात रक्तवाहिन्या शिरतात. त्याच वाटेनं गाठीतल्या काही पेशी सुटून रक्तात पडतात आणि अंगभर फिरतात. कॅन्सर फुप्फुसातून हाडात, यकृतात किंवा मेंदूत जातो तो असाच.

अशा भटक्या पेशी रक्तात असतात हे माणसाला आज कळलेलं नाही. १८६९ साली ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचे डॉक्टर थॉमस अ‍ॅशवर्थ यांनी कॅन्सरनं मेलेल्या एका रुग्णाचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, तेव्हा गाठीत होत्या तशाच पेशी त्यांना रक्तातही दिसल्या. म्हणजे गोष्ट दीडशे वर्षांची जुनी आहे. मग इतकी वर्षं ही तपासणी का झाली नाही? कारण त्या पेशी फार म्हणजे फारच थोड्या असतात. एक मिलिलीटर रक्त, म्हणजे लहान मुलांच्या औषधाच्या ड्रॉपरभर, त्यात तांबड्या पेशी चार-साडेचार अब्ज असतात आणि पांढऱ्या ४० लाखांपासून एक कोटीच्या आसपास. या गर्दीत गाठीची पेशी एखादी असते, कधी दोन-चार मिलिलीटरमध्ये मिळून एक. ज्वारीत खडा निवडणं आपल्याला जमतं, कारण मूठभर ज्वारीत एक तरी खडा असतो. इथं साऱ्या तालुक्याची ज्वारी एका ठिकाणी ओतून त्यातला एक खडा काढायचा आहे, असं समजा.

शास्त्रज्ञांनी त्यासाठी ज्या युक्त्या काढल्या त्या मात्र आपल्या ओळखीच्याच आहेत. पहिली चाळणीची. कॅन्सरच्या पेशी बहुधा रक्तातल्या पेशींपेक्षा मोठ्या असतात. म्हणून अतिशय बारीक भोकांच्या चाळणीतून रक्त चाळायचं, वर जे राहील ते रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. दुसरी लोहचुंबकाची. दळणात खिळा किंवा तार येऊ नये म्हणून गिरणीच्या तोंडाशी चुंबक ठेवतात ना, तसंच. फरक इतकाच, की पेशी लोखंडाची नसते. म्हणून कॅन्सरच्या पेशीलाच चिकटतील असे लोहाचे अगदी सूक्ष्म कण रक्तात मिसळतात आणि मग चुंबकानं ते ओढून घेतात. तिसरी युक्ती पेशी शोधतच नाही. गाठीतल्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या आतल्या डीएनएचे, म्हणजे आनुवंशिक द्रव्याचे तुकडे रक्तात सांडतात. धान्य उफणल्यावर कोंडा उडतो तसे. त्या कोंड्यावरून धान्य कोणतं ते ओळखायचं. या तिसऱ्या युक्तीचा आज फुप्फुसाच्या रुग्णांना सगळ्यात जास्त उपयोग होतो. तिच्याकडं पुन्हा येऊ.

आता फ्रान्समधली एक गोष्ट सांगते, ती कळली की सगळा विषय कळेल. तिथं नीस नावाचं शहर आहे. तिथल्या डॉक्टरांनी सीओपीडीचे १६८ रुग्ण घेतले. सीओपीडी म्हणजे धुरानं फुप्फुसाच्या नळ्या कायमच्या खराब होऊन लागलेली धाप. आपण तिलाही दमच म्हणतो. या रुग्णांना कॅन्सर व्हायची भीती इतरांपेक्षा जास्त असते. डॉक्टरांनी त्यांचं रक्त चाळणीतून चाळलं. पाच जणांच्या रक्तात कॅन्सरसारख्या पेशी सापडल्या. पण सीटी स्कॅनमध्ये गाठ कुठंच नव्हती! मग त्या पाच जणांचा दरवर्षी स्कॅन करत राहिले. एक ते चार वर्षांत पाचही जणांच्या फुप्फुसात बारीक गाठ दिसली. ऑपरेशन झालं, आणि गाठी पहिल्या अवस्थेतल्याच निघाल्या. ज्यांना हा आजार नव्हता अशा ७७ जणांचं रक्तही तपासलं होतं, त्यांच्यात एकाकडंही अशा पेशी मिळाल्या नाहीत. २०१४ साली हे छापून आलं तेव्हा साऱ्या जगात आनंद झाला. गाठ दिसायच्या आधी रक्त बोलतं, याहून चांगलं काय असणार?

पण पाच माणसांवरून जगाला सांगता येत नाही. म्हणून त्याच डॉक्टरांनी मोठा अभ्यास हाती घेतला. फ्रान्सच्या २१ रुग्णालयांत ६१४ माणसं घेतली. सगळी पंचावन्नच्या पुढची, भरपूर सिगरेट ओढलेली, धाप लागणारी. प्रत्येकाचं रक्तही तपासलं आणि स्कॅनही केला. पहिल्याच फेरीत १९ जणांना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. त्या १९ पैकी रक्ताच्या तपासणीनं किती ओळखले? पाच. चौदा जणांच्या रक्तात काही मिळालं नाही आणि गाठ मात्र छातीत होती. शिवाय ज्यांना कॅन्सर नव्हता अशा काहींच्या रक्तात संशयास्पद पेशी दिसल्या, ते वेगळंच. २०२० साली हे निकाल आले आणि त्याच डॉक्टरांनी स्वतः लिहिलं, की कॅन्सर हुडकण्यासाठी ही तपासणी चालणार नाही. मला तर या दुसऱ्या अभ्यासाचं मोल पहिल्यापेक्षा जास्त वाटतं. आपणच रुजवलेली आशा आपणच मोजून बघायची आणि कमी भरली तर तसं सांगायचं, हे सोपं काम नाही.

असं का झालं असेल? गाठ लहान असते तेव्हा तिच्यातून पेशी सुटतातच मुळी थोड्या. एका बाटलीत त्या आल्या तर आल्या, नाही तर नाही. गाठ मोठी झाली, पसरली, की रक्तात पेशी वाढतात. पण तेव्हा ती साध्या एक्सरेतही दिसायला लागते. म्हणजे जेव्हा गरज जास्त असते तेव्हाच ही तपासणी कच्ची पडते.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम चालू आहे, त्याचा अभिमान वाटावा असंच आहे. पुण्याच्या अ‍ॅक्टोरियस कंपनीनं लोहचुंबकाच्या युक्तीवर 'ऑन्कोडिस्कव्हर' नावाची तपासणी तयार केली आणि तिला केंद्राच्या औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर तिचा अभ्यासही झाला. पण हे नीट ऐका: त्या रुग्णांना कॅन्सर आहे हे आधीच माहीत होतं. रक्तातल्या पेशी मोजून आजार किती पुढं गेला आहे याचा अंदाज घ्यायचा होता. "मला कॅन्सर आहे का" हा प्रश्न वेगळा आणि "मला झालेला कॅन्सर कसा वागतो आहे" हा वेगळा. रक्ताची ही तपासणी आज दुसऱ्या प्रश्नाला बऱ्यापैकी उत्तर देते. जाहिरात मात्र पहिल्या प्रश्नाची होते. (तोंडाचा कॅन्सर म्हटल्यावर मिश्रीचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाववत नाही. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तिच्यानं तोंडात झालेली जखम बघायला रक्त काढावं लागत नाही, आरसा आणि उजेड पुरतो.)

आता त्या कोंड्याच्या युक्तीकडं येऊ. फुप्फुसाचा कॅन्सर म्हटलं की विडी-सिगरेट आठवते. पण आपल्या देशात हा आजार होणाऱ्या पुष्कळ बायांनी आयुष्यात विडीला हात लावलेला नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं घरात जळणाऱ्या कोळशाचा धूर कॅन्सर करतो असं ठामपणे सांगितलं आहे, आणि लाकूडफाट्याचा धूर बहुधा करतो असं. पुण्याचे डॉक्टर संदीप साळवी यांनी २००९ साली जगभर वाचल्या जाणाऱ्या 'लॅन्सेट' नियतकालिकात लिहिलं होतं, की धूम्रपान न करणाऱ्यांनाही सीओपीडी होतो आणि चुलीचा धूर हे त्याचं मोठं कारण आहे.

तर अशा काही रुग्णांच्या गाठीत 'ईजीएफआर' नावाच्या जनुकात बिघाड असतो. पेशीला "वाढ" म्हणून सांगणारं हे बटण समजा, ते दाबलेलं राहतं. टाटा रुग्णालयानं २०१३ साली ९०७ भारतीय रुग्णांची तपासणी छापली, त्यात शंभरात २३ जणांमध्ये हा बिघाड मिळाला. बायांमध्ये आणि धूम्रपान न करणाऱ्यांमध्ये प्रमाण आणखी जास्त. याचं महत्त्व असं, की या बिघाडावर गोळी आहे. रोज एक, घरी बसून घ्यायची. जेफिटिनिब हे तिच्यातलं एक नाव. टाटा रुग्णालयातच ३५० रुग्णांवर अभ्यास झाला. नुसत्या गोळीवर आजार साधारण ८ महिने थांबला, आणि गोळीबरोबर केमोथेरपी दिली तर १६ महिने. आजार पसरलेल्या माणसासाठी हे आठ महिने म्हणजे पोरीचं लग्न बघणं असतं, एक हंगाम काढणं असतं.

हा बिघाड आहे की नाही हे गाठीच्या तुकड्यावरून बघतात. पण कधी तुकडा पुरेसा मिळत नाही, कधी गाठ अशा जागी असते की सुई पोचत नाही, कधी रुग्णालाच धाप इतकी की आडवं होता येत नाही. अशा वेळी रक्त घेऊन त्यातल्या कोंड्यात बिघाड शोधतात. २०१६ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी अशा रक्ततपासणीला पहिल्यांदा मान्यता दिली. आज मुंबई-पुण्याच्या मोठ्या केंद्रांत आणि प्रयोगशाळांत ती होते. बिघाड मिळाला, तर गोळी सुरू करता येते. मिळाला नाही, तर "बिघाड नाही" असं ठरत नाही. रक्तात कोंडा आलाच नसेल असंही असू शकतं, आणि मग गाठीचा तुकडा घ्यावाच लागतो. गोळी वर्षभर लागू पडली आणि मग आजार पुन्हा उचल खायला लागला, तर गाठीत काय नवं घडलं हे बघायलाही आधी रक्त घेतात. तेव्हा पुन्हा सुई टोचायची वेळ टळू शकते. या तपासणीला रक्त साधारण १० मिलिलीटर लागतं, दोन छोटे चमचे. "अंगात आधीच रक्त नाही, त्यात हे बाटल्या भरून काढतात" अशी भीती बाळगायचं कारण नाही.

मग शिबिरात "कॅन्सर पॅकेज" म्हणून हजारो रुपये घेऊन करतात ते काय असतं? बहुतेक वेळा सीईए वगैरे नावाचे 'मार्कर'. हे रक्तातले काही पदार्थ असतात, ते कॅन्सरमध्ये वाढू शकतात, पण यकृताच्या आजारात किंवा विडी ओढणाऱ्यातही वाढतात. आणि कॅन्सर असूनही ते वाढलेले नसतात, असंही होतं. उपचार चालू असलेल्या काही रुग्णांवर लक्ष ठेवायला डॉक्टर त्यांचा वापर करतात. बरी असलेली बाई उठून हे करून आली, तर एक तर उगाच घाबरेल, नाही तर उगाच निर्धास्त होईल. दोन्ही वाईट, दुसरं जास्त. बचत गटातून कर्ज काढून कुणी अशी तपासणी करणार असेल, तर गटाच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा: ही तपासणी कोणत्या डॉक्टरनं, काय बघायला लिहून दिली? चिठ्ठी नसेल तर पैसे राहू द्या.

लोक रक्ताच्या तपासणीकडं का ओढले जातात, याचं खरं कारण मला सुईची भीती वाटतं. आपल्याकडं पक्का समज आहे, की गाठीला सुई लावली की ती फुटते आणि अंगभर पसरते. म्हणून डॉक्टर बायोप्सी म्हणाले की माणसं उठून जातात आणि दुसरीकडं "रक्तावर करून द्या" म्हणतात. असं होताना दिसतं ते कशामुळं? गाठ पसरलेली असतेच, सुईमुळं ती कळते, आणि पुढं माणूस गेलं की दोष सुईला लागतो. सुईनं फुप्फुसाला थोडं रक्त येऊ शकतं, हवा शिरू शकते, म्हणून ती दवाखान्यातच करतात आणि नंतर काही तास झोपवून ठेवतात. पण कॅन्सर आहे की टीबी आहे, आणि कॅन्सर असेल तर कोणत्या जातीचा, हे आजही पेशी किंवा तुकडा बघूनच ठरतं. दरवेळी सुईच लागते असंही नाही. दुर्बीण घालून तुकडा घेता येतो. छातीत पाणी झालं असेल, तर ते काढलेलं पाणी पेशींसाठी तपासता येतं. छातीचं पाणी काढलं, तर "पेशींसाठी पाठवलं का" हे जरूर विचारा.

आता टीबीचं. आपल्या भागात जुना खोकला आणि एक्सरेवर डाग म्हणजे आधी टीबी वाटतो, आणि ते बरोबरही आहे, कारण टीबी जास्त आहे. पण टीबी आणि कॅन्सर दोघांचाही डाग दिसतो सारखा, खोकला सारखा, वजन उतरतं सारखंच, बेडक्यात रक्तही दोघांत येतं. नुसत्या एक्सरेवर टीबीच्या गोळ्या सुरू होतात, दोन-तीन महिने, चार महिने, आणि कॅन्सर असेल तर तो तेवढ्यात पुढच्या अवस्थेत जातो. हे आपल्या देशात वारंवार घडतं. म्हणून दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला, तर पहिली तपासणी बेडक्याची. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. डबीत थुंकी देऊ नका. सकाळी उठून चूळ भरा, खोल श्वास घ्या आणि छातीतून खाकरून बेडका काढा. बायका लाजेनं नुसती लाळ देतात आणि रिपोर्ट खोटाच बरा येतो. सासरच्यांसमोर नको वाटत असेल तर घराच्या मागं जाऊन, उघड्यावर द्या.

बेडक्यात टीबीचे जंतू मिळाले, तर औषध पूर्ण घ्या. जंतू न मिळताही गोळ्या सुरू केल्या आणि दोन महिन्यांत खोकला, वजन, डाग यांत फरक पडला नाही, तर "आता सीटी स्कॅन करायचा का" हे डॉक्टरांना विचारायचा तुम्हाला हक्क आहे. बेडक्यात रक्त, आवाज बसून तीन आठवडे झालेले, मानेत गाठ, एका बाजूला सतत छाती दुखणं, यातलं काही असेल तर दोन महिनेही थांबू नका.

जायचं कुठं? सुरुवात हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयातून. तिथं आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही झालं आहे. पुढं नांदेडचं डॉक्टर शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. कॅन्सर ठरला तर छत्रपती संभाजीनगरची शासकीय कर्करोग संस्था, बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, किंवा मुंबईचं टाटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे बरेच उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा आणि रुग्णालयात शिरल्यावर आधी 'आरोग्यमित्र' कुठं बसतो ते शोधा. रक्तातली ईजीएफआर तपासणी योजनेत बसते की पदरचे पैसे लागतील, हे रक्त देण्याआधी त्याच्याकडून कळून घ्या.

आणखी एक, बायोप्सी झालेल्या घरांसाठी. तुकडा मेणात घालून त्याची छोटी वडी करतात, तिला ब्लॉक म्हणतात, आणि तिचे पातळ काप काचेवर लावतात. ही वडी आणि काचा जिथं बायोप्सी झाली त्या प्रयोगशाळेत असतात. मोठ्या गावी जाताना अर्ज देऊन त्या मागून घ्या. नुसता रिपोर्टचा कागद नेला, तर तिथले डॉक्टर म्हणतात, तुकडा दाखवा, आणि मग पुन्हा सुई. ब्लॉक जवळ असला तर ईजीएफआरची तपासणी त्याच तुकड्यावर होऊ शकते. तो उन्हात, एसटीच्या खिडकीशी ठेवू नका, मेण वितळतं. डबीत घालून, कापडात गुंडाळून पिशवीच्या मधोमध ठेवा.